गारगोटीचें खरें नांव

नाशिक शहरापासून मुंबईच्या रस्त्यानें पांच मैल गेलें म्हणजे त्रिरश्मीचा डोंगर लागतो. लोक त्यास पांडवलेण्यांचा डोंगर म्हणतात. तेथील चोवीस लेणीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळांत कोरलीं गेलीं, आणि तीं कोरविणारांनीं आपलीं नांवें भिंतींवर लिहून ठेविलीं. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात, सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री, याशिवाय कोणी व्यापारी, कोणी लेखक, कोणी साधी गृहस्थाची बायको. ज्यानें पाण्याचें टांकें दिलें त्याचेंहि नांव तेथें आहे. परंतु ज्या काळ्या दगडावर हीं सारीं नांवें कोरलीं, त्या दगडाच्या पोटांत राहणाऱ्या जिनसांना मात्र शतकानुशतकें एकच नांव पुरलें. तें नांव म्हणजे गारगोटी.

शेतकऱ्याला नांगराच्या फाळाशीं लागे ती गारगोटी. विहीर खणणाऱ्याला कातळाच्या पोकळींत चमकतांना दिसे ती गारगोटी. चकमकीवर ठिणगी पाडावयाची तीहि गारगोटीच. पांढरें, चकचकीत आणि दगडासारखें कांहीं दिसलें कीं हा एक शब्द हजर. वस्तुतः या एका नांवाखालीं पन्नासांहून अधिक निरनिराळीं खनिजें नांदत होतीं. कोणी नखापेक्षां थोडें कठीण, कोणी पोलादाला ओरखडणारें. कोणांत चुना, कोणांत सोडा, कोणांत निव्वळ वाळूचेंच द्रव्य. हीं खनिजें एकमेकांपासून वेगळीं ओळखण्यास मनुष्याला सुमारें दोनशें वर्षें लागलीं. त्या ओळखीची हकीकत मोठी बोधप्रद आहे, कारण तींत शहाण्या माणसांच्या चुका आहेत, आणि त्यांतील एक चूक तर खुद्द महाराष्ट्राच्या एका शहराच्या नांवानें जगाच्या पुस्तकांत पाऊण शतकाहून अधिक काळ वावरली.

प्रथम हीं खनिजें आलीं कोठून तें पाहिलें पाहिजे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून त्यांतून तप्त शिलारसाचे लोटच्या लोट बाहेर आले. एक थर निवावा, त्यावर दुसरा पसरावा, असें पुष्कळ काळ चाललें. सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते यामुळेंच. आणि 'ट्रॅप' हा जो या दगडाला पाश्चात्य शब्द लागला तोहि पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. भाकरी भाजतांना तिला फोड यावेत त्याप्रमाणें त्या रसांत वाफेचे व वायूचे बुडबुडे अडकले, आणि रस गोठल्यावर त्यांच्या जागीं पोकळ्या राहिल्या. पुढें ऊन पाणी दगडाच्या भेगांतून झिरपूं लागलें. त्यानें दगडांतील चुना, सोडा, पोटॅश, अॅल्युमिना व सिलिका विरघळवून घेतलीं आणि त्या पोकळ्यांत नेऊन ठेविलीं. पाणी निवत गेलें तसतसे पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक वाढले. म्हणजे बाहेरून ओबडधोबड दिसणारा काळा गोटा फोडला कीं आंत देव्हारा निघावा, तसा हा प्रकार आहे.

रत्नें पारखण्याची विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत हिरा, मोतीं, माणिक व पाचू यांच्या परीक्षेचे स्वतंत्र अध्याय आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत खाणींवरील अधिकाऱ्यानें कोणत्या खुणांवरून धातूची माती ओळखावी तें सांगितलें आहे. वजन, रंग, तेज, आकार हीं परीक्षेचीं साधनें त्यांना ठाऊक होतीं. तथापि जी वस्तु विकली जाते तिचीच पारख होते. गारगोटीला बाजार नव्हता, म्हणून तिला पारखीहि मिळाला नाहीं. चकमकीपुरती एक कसोटी तेवढी लोकांच्या हातीं होती. पोलादावर घांसून ठिणगी पडली तर गारगोटी खरी. ही कसोटी मुळींच चुकीची नव्हती. पोलादापेक्षां कठीण दगडच पोलादाचा कण खरवडून तापवूं शकतो. तेव्हां ठिणगी देणारी गारगोटी ही स्फटिकमणि अथवा त्याच्या जातीची अकीक असावयाची. बाकीच्या मऊ गारगोट्या चकमकीला निरुपयोगी म्हणून फेकल्या जात, आणि त्या फेकलेल्यांतच खरें वैचित्र्य होतें.

या फेकलेल्या दगडांना पहिलें कुलनाम दिलें तें दूर उत्तरेकडील स्वीडन देशांत. तेथील खाणकामाचा जाणकार आक्सेल क्रोन्स्टेट हा दगडांची परीक्षा बांकनळीनें करी. आपल्या सोनाराच्या हातीं असते तसलीच ही नळी. दिव्याच्या ज्योतींतून फुंकर घालून ती ज्योत एखाद्या कणावर रोखावयाची आणि तो कण वितळतो, फुगतो कीं रंग बदलतो तें पाहावयाचें. १७५६ सालीं त्यास एक दगड असा आढळला कीं, ज्योत लागतांच तो उकळत्या दुधाप्रमाणें फेंसाळूं लागला. उकळणें व दगड या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून क्रोन्स्टेटनें त्यास 'झिओलाइट' म्हणजे 'उकळणारा दगड' म्हटलें. दगडांत पाणी कोंडलेलें होतें, आणि उष्णता लागतांच तें वाफ होऊन निघत होतें. नाशिकच्या गारगोट्यांपैकीं पुष्कळशा याच कुळांतील आहेत.

कुळ कळलें, पण व्यक्ति कशी ओळखावी? त्यासाठीं अग्नीच्या परीक्षेपूर्वी हातानें करावयाच्या कांहीं परीक्षा ठरल्या. त्यांतील सर्वांत सोपी फ्रिड्रिख मोस यानें १८१२ सालीं बसविली. त्यानें दहा खनिजांची एक शिडी केली. सर्वांत खालीं संगजिरें, मग जिप्सम, मग कॅल्साइट, आणि असें चढत चढत सातव्या पायरीवर स्फटिकमणि, नवव्या पायरीवर माणिक व नीळ ज्या जातीचे आहेत तो कुरुंद, आणि दहाव्या पायरीवर हिरा. जो दगड दुसऱ्याला ओरखडतो तो त्याच्या वरचा. नखानें जिप्समवर रेघ उठते, तांब्याच्या पैशानें कॅल्साइटवर, आणि चाकूच्या टोंकानें पांचव्या पायरीपर्यंतच्या खनिजांवर. सातव्या पायरीवर मात्र चाकू हरतो.

नाशिकच्या खाणींतून निघालेले चार पांढरे, पारदर्शक खडे एका ताटांत ठेवले तर ही परीक्षा कशी चालते तें स्पष्ट होईल. पहिल्या खड्यानें कांचेवर सहज ओरखडा उठतो, आणि तो फुटला तर कांचेसारखा वांकडातिकडा फुटतो. तो स्फटिकमणि, केवळ सिलिका. दुसरा चाकूनें चटकन ओरखडला जातो, फोडल्यास त्याचे तिरप्या बाजूंचे तुकडे पडतात, आणि त्याची पूड करून वर लिंबाचा रस पिळला तर बारीक बुडबुडे येतात. तो कॅल्साइट, म्हणजे चुना व कार्बन वायूचा संयोग. तिसरा चौकोनी खांबासारखा असून वर मनोरा असावा तसा निमुळता होतो. तो एकाच आडव्या दिशेनें सरळ चिरतो आणि चिरलेल्या पृष्ठावर मोत्यासारखी झांक असते, हा अपोफिलाइट. तापविला असतां याच्या पापुद्र्यांचीं पानें सुटतात म्हणून फ्रेंच पंडित आवी यानें १८०६ सालीं त्यास हें नांव दिलें. चौथा गव्हाची पेंढी मध्यें बांधावी तसा दिसतो आणि वजनाला स्फटिकमण्यापेक्षां हलका लागतो. तो स्टिल्बाइट, नांवाचा अर्थ चकाकणारा. चौघेहि पांढरे, चौघेहि गारगोटी. पण पाहणें, ओरखडणें, फोडणें, तोलणें आणि आंबट रस लावणें या पांच साध्या क्रियांनीं चौघांचीं चार घराणीं निराळीं झालीं.

येथें शास्त्रज्ञांत मोठा वाद उत्पन्न झाला. मोस व त्याचे अनुयायी म्हणत कीं, वनस्पतिशास्त्रज्ञ जसा फूल न जाळतां त्याची जात सांगतो, तसें खनिजाचें वर्गीकरण केवळ बाह्य लक्षणांवरून व्हावें. त्यांनीं झाडांसारखीं लॅटिन जोडनांवेंहि दगडांना दिलीं. उलट स्वीडनचा रसायनवेत्ता बर्झीलियस याचें म्हणणें असें कीं, दगड म्हणजे एक रासायनिक संयुग. त्यांत काय आहे तें न पाहतां केवळ तोंडवळ्यावर त्याचें गोत्र ठरविणें म्हणजे पागोट्यावरून मनुष्याचा स्वभाव सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील जेम्स डेना यानें १८३७ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला तो पहिल्या पक्षाच्या पद्धतीनें. परंतु १८५० सालच्या तिसऱ्या आवृत्तींत त्यानें स्वतःचीच ती पद्धति मोडून टाकली आणि रसायनाचा पाया स्वीकारला. विद्वानानें आपल्याच ग्रंथाचा सांगाडा उघडपणें बदलावा, ही गोष्ट त्या काळींहि लहान नव्हती.

याच वादाच्या काळांत दख्खनचा दगड युरोपच्या टेबलावर पोंचला. मुंबई इलाख्यांतील लष्करी अंमलदार कर्नल साइक्स यानें १८३० नंतरच्या दशकांत लंडनच्या भूगर्भ मंडळापुढें दख्खनच्या खडकांचें वर्णन मांडलें. त्याच सुमारास पुण्याकडील सुयांच्या आकाराचे पांढरे स्फटिक हेन्री जेम्स ब्रुक या इंग्रज पंडिताच्या हातीं आले. ब्रुक हा कोन मोजण्यांत वाकबगार होता. १८२२ सालीं त्यानेंच स्टिल्बाइटमध्यें मिसळून गेलेलें एक खनिज वेगळें काढून त्यास ह्यूलँडाइट असें नांव दिलें होतें आणि तें नांव आजहि टिकून आहे. त्यानें पुण्याच्या सुया मोजल्या. कडांमधील कोन ओळखीच्या खनिजांपेक्षां किंचित निराळा भरला. तेव्हां १८३१ सालीं त्यानें जाहीर केलें कीं हें नवें खनिज आहे, आणि ज्या शहराकडून तें आलें त्याच्यावरून त्याचें नांव 'पूनाहलाइट'.

पुण्याचें नांव अशा रीतीनें खनिजांच्या यादींत चढलें. परंतु सुयांसारख्या झिओलाइटांत तीन सख्खे भाऊ आहेत, आणि त्यांचे चेहरे इतके सारखे कीं आईनेंच फसावें. पहिला नॅट्रोलाइट, त्यांत सोडियम असतें. तो मेणबत्तीच्या ज्योतींतहि वितळतो व ज्योत पिवळी करतो. दुसरा स्कोलेसाइट, त्यांत कॅल्शियम असतें. तो बांकनळीच्या ज्योतींत धरला असतां किड्यासारखा वळवळतो, आणि किडा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्यास हें नांव मिळालें. तिसरा मेसोलाइट, म्हणजे मधला. त्यांत सोडियम व कॅल्शियम दोन्ही असतात. हीं शेवटचीं दोन नांवें गेलेन व फुक्स या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८१३ व १८१६ या वर्षीं दिलेलीं होतीं. म्हणजे ब्रुकनें पुण्याच्या सुया मोजल्या तेव्हां तिन्ही भावांचीं नांवें पुस्तकांत होतींच. चूक हातून घडली ती एवढीच कीं, कोनाच्या अल्प फरकावर अधिक भार ठेविला गेला. पुढें १९०९ सालीं बोमन यानें तें खनिज पुन्हां तपासून 'पूनाहलाइट म्हणजे मेसोलाइटच' असें सिद्ध केलें. अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं पुण्याचें नांव त्या यादींतून उतरलें.

या प्रसंगीं ब्रुकला हंसण्याचें कारण नाहीं. ज्यानें ह्यूलँडाइट अचूक वेगळें केलें, तोच पूनाहलाइटला फसला. साधन तेंच, पंडितहि तोच. एका लक्षणावर निर्णय केला तर तें लक्षण एकदां तारतें व एकदां बुडवितें. दोनचार लक्षणें एकमेकांना साक्ष देऊं लागलीं म्हणजेच निकाल भक्कम होतो. खनिजांच्या ओळखीचा हा पहिला नियम होय.

मध्यंतरीं सह्याद्रींत मोठी उलथापालथ झाली. जी. आय. पी. रेल्वेच्या बोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६३ सालीं गाडी वर चढली, आणि १८६५ सालीं थळघाटानें कसाऱ्याहून इगतपुरीस, म्हणजे नाशिक जिल्ह्यांत, रूळ आले. बोगदे व खोदाई यांत डोंगराचीं पोटें फुटलीं आणि अपोफिलाइट, स्टिल्बाइट यांचे असे घोंस हातीं आले कीं पूर्वी कोणीं पाहिले नव्हते. त्यांतील कित्येक समुद्रापार जाऊन विलायतेच्या संग्रहालयांत बसले. पेटींवर 'बोरघाट' एवढें गांवाचें नांव राहिलें. ज्यांनीं सुरुंग लावले, पहारी चालविल्या, आणि ज्यांतील कित्येकांना पटकीच्या सांथीनें तेथेंच गांठलें, त्या मजुरांचीं नांवें कोणत्याहि चिठ्ठीवर नाहींत. लेण्यांतील टांकें देणाराचें नांव राहिलें, कोरणाराचें राहिलें नाहीं. तोच प्रकार येथें.

केवळ रसायनानेंहि मात्र सर्व कोडीं सुटत नव्हतीं. कॅल्साइट व अॅरॅगोनाइट या दोघांचें रासायनिक घटक अगदीं एक, पण स्फटिकांची घडण, वजन व चिरण्याची रीत निराळी. म्हणजे 'काय आहे' याबरोबर 'कसें रचलें आहे' हाहि प्रश्न विचारणें भाग होतें. त्याचें उत्तर क्ष-किरणांनीं दिलें. १९१३ च्या सुमारास ब्रॅग पितापुत्रांनीं स्फटिकांतील अणूंची मांडणी वाचण्याची रीत घालून दिली, आणि १९३० सालीं लायनस पॉलिंग यानें नॅट्रोलाइटची मांडणी उलगडली. तेव्हां दिसलें तें असें कीं, सिलिका व अॅल्युमिना यांचे अणु एकमेकांत गुंफून त्यांची जाळीदार इमारत झाली आहे; तिच्या बोळांतून सोडियम, कॅल्शियम व पाणी राहतात. उष्णतेनें पाणी निघून जातें, पण इमारत उभी असते, आणि दमट हवेंत पाणी परत येतें. डामूर या फ्रेंच संशोधकानें १८४० सालींच हें जाणें-येणें पाहिलें होतें. कारण आतां कळलें. मेसोलाइटचेंहि कोडें उलगडलें. त्यांत नॅट्रोलाइटसारख्या एका थरामागें स्कोलेसाइटसारखे दोन थर, असा क्रम लागतो. 'मधला' हें जुनें नांव अशा रीतीनें अणूंपर्यंत खरें ठरलें. पुढें असल्याच जाळ्या कारखान्यांत बनवून जड पाणी मऊ करण्यासाठीं व कपडे धुण्याच्या पुडींत वापरल्या जाऊं लागल्या.

आणि याच कसोट्यांनीं अपोफिलाइटची झिओलाइटांच्या पंक्तींतून उठवणी झाली. तो त्यांच्याच पोकळींत वाढतो, त्यांच्यासारखेंच पाणी बाळगतो. परंतु त्यांत अॅल्युमिनियम नाहीं, त्याऐवजीं पोटॅशियम व कॅल्शियम आहे, आणि त्याची रचना जाळीची नसून पापुद्र्यांची आहे. म्हणूनच तो एका दिशेनें इतका सरळ चिरतो. एका घरांत राहणारे सारे एकाच गोत्राचे नसतात. कांहीं ठिकाणचे अपोफिलाइट पोपटी हिरवे असतात; तो रंग अल्पशा व्हॅनेडियममुळें येतो असें १९७४ सालीं जॉर्ज रॉसमन यानें पुण्याकडील नमुन्यावरून दाखविलें. रंग हें सर्वांत मोहक, पण सर्वांत अविश्वासू लक्षण. अत्यल्प भेसळीनें तो पालटतो. त्याच वर्षीं मुंबईचे सुखेसवाला, अवसिया व गंगोपाध्याय यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील या दुय्यम खनिजांचा शास्त्रीय आढावा प्रसिद्ध केला, आणि दख्खनच्या गारगोटीचा अभ्यास दख्खनच्याच जवळ होऊं लागला.

नाशिकची खरी प्रतिष्ठा मात्र पॉवेलाइट या खनिजानें वाढविली. तें कॅल्शियम व मॉलिब्डेनम यांचें संयुग. १८९१ सालीं अमेरिकेंत प्रथम त्याचें वर्णन झालें व तेथील भूगर्भशास्त्रज्ञ पॉवेल याचें नांव त्यास मिळालें. इतरत्र तें बहुधा बारीक कणांच्या रूपांत आढळे. नाशिकच्या काळ्या दगडांत त्याचे पिवळसर, उत्कृष्ट घडणीचे मोठे स्फटिक सांपडले, आणि १९८२ सालीं रुस्तम कोठावाला यांनीं त्या शोधाची हकीकत अमेरिकेंतील खनिजविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध केली. हा स्फटिक अपोफिलाइटप्रमाणेंच चौरस घडणीचा. पण हातांत घेतला तर तेवढ्याच आकाराच्या अपोफिलाइटच्या जवळजवळ पावणेदोन पट जड, चाकूला अधिक मऊ, आणि जंबुपार किरणांखालीं अंधारांत पिवळा तेजाळणारा. डोळ्यानें चुकलें तरी तराजूनें चुकूं नये, असा हा दगड.

आतां या विद्येचा खरा उपयोग कोठें आहे तें उघड होईल. त्रिरश्मीच्या आसपास व साऱ्या जिल्ह्यांत दगडखाणी चालत आल्या आहेत. सुरुंग उडतो, कातळ फुटतो, आणि रस्त्याची खडी होण्यासाठीं दगड यंत्राच्या जबड्यांत जातो. खडी लागतेच, रस्ता, पूल, घर तिच्यावांचून उभें राहत नाहीं. परंतु कोट्यवधि वर्षें अंधारांत वाढलेला पोकळीभर स्फटिकांचा घोंस त्या जबड्यांत गेला म्हणजे क्षणांत त्याची पूड होते, आणि ती पूड अपोफिलाइटची होती कीं पॉवेलाइटची, हें मग कोणीहि सांगूं शकत नाहीं. यंत्र थांबविण्याचा निर्णय करणारा माणूस एकच, तो म्हणजे खाणींत उभा असलेला कामगार. त्याला जर सर्व गारगोट्या सारख्याच वाटल्या, तर थांबण्याचें त्यास कारण उरत नाहीं. ज्याच्या हातास जडपणाचा फरक कळतो, ज्याच्या डोळ्यास मोत्याची झांक व कांचेची झांक निराळी दिसते, तो घण खालीं ठेवून पोकळीला हात घालतो.

नाशिकच्या आग्नेयेस सिन्नर येथें कृष्णचंद्र पांडे यांनीं २००१ सालीं खनिजांचें एक संग्रहालय उघडलें. झिओलाइट, अपोफिलाइट, स्फटिकमणि यांचे दख्खनमध्यें निघालेले घोंस तेथें दिव्याखालीं मांडलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या पायाशीं त्याचें स्वतंत्र नांव लिहिलें आहे. संग्रहालयाचें नांव मात्र त्यांनीं ठेविलें 'गारगोटी'. जुना लोकशब्द दारावर राहिला, आणि त्याच्या आंत लपलेल्या पन्नास जणांना आपापलीं नांवें मिळालीं. तेथून परतणाऱ्या शाळकरी मुलानें वाटेंतला एखादा पांढरा खडा उचलून तो कांचेच्या तुकड्यावर घांसून पाहिला, मग चाकूनें ओरखडला, मग लिंबाचा थेंब टाकला, तर क्रोन्स्टेटपासून कोठावालांपर्यंतच्या परंपरेंत तें मूल दाखल झालें असें समजण्यास हरकत नाहीं. एकाच परीक्षेवर थांबावयाचें नाहीं, एवढें त्यानें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे. कारण पुण्याचें नांव यादींतून उतरलें तें त्याच एका उतावळेपणामुळें.